चतुःसीमा

जुन्या खरेदीखतात शेताची ओळख पिकावरून देत नाहीत. पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस नाला, दक्षिणेस गाडरस्ता, उत्तरेस गायरान, अशी चतुःसीमा लिहितात. पीक दरसाल बदलते, आणि शेजारच्या दहा शेतांत तेच पीक असू शकते. शेत नेमके कोणते, हे बांधावरच्या खुणाच सांगतात. त्याच शेताच्या सातबाऱ्यावर पोटखराब क्षेत्राची नोंद असते. नाला, वाट, खडक अशा त्या जागेत पेरा होत नाही. पण पाणी कुठून येते, कुठे अडते, बैलगाडी कुठून आत शिरते, हे ठरते ते बहुतेक या पोटखराबातच.

पुढची हकीकत डीएनएची आहे आणि ती ज्या कागदांवर उभी आहे ते कागद खरेदीखतासारखेच वाचावे लागतात. माणसाचा डीएनए म्हणजे चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला सुमारे ३०० कोटी अक्षरांचा मजकूर. त्यातला प्रथिने घडवणारा, म्हणजे ज्याचे थेट पीक निघते असा भाग शेकडा दोनपेक्षाही कमी. उरलेल्या बहुतेक मजकुराला १९७२ साली सुसुमु ओहनो या शास्त्रज्ञाने ‘जंक’, म्हणजे अडगळ, असे नाव दिले आणि ते चिकटले. विदर्भातल्या एका आजाराचा वंश शोधताना याच अडगळीतल्या खुणा साक्षीला आल्या. तो आजार म्हणजे सिकलसेल.

हा आजार आपल्या भागात कुठवर पोचला आहे, ते आधी पाहू. दुसरबीड हे सिंदखेडराजा तालुक्यातले गाव, विदर्भाच्या पश्चिम कडेचे. पलीकडे जालना जिल्हा, म्हणजे मराठवाडा. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिले तेव्हा ही कड दोन राजवटींमधली हद्द झाली, आणि १९५६ साली दोन्ही बाजू एका राज्यात आल्यावर ती पुसली गेली. रोशन कोलाह, मलय मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये भारतातल्या सिकलसेलचा आढावा प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात हे जनुक पूर्वेकडच्या, म्हणजे विदर्भातल्या, जिल्ह्यांत, सातपुड्यात आणि मराठवाड्याच्याही काही भागांत पसरले आहे, असे त्यात म्हटले आहे. निरनिराळ्या आदिवासी समाजांत त्याचे प्रमाण ० ते ३५ टक्के इतके वेगवेगळे आहे. भिल्ल, पावरा, माडिया, परधान यांच्यात ते जास्त. जुन्या हद्दीच्या दोन्ही अंगांना ते सापडते.

आता कागद तारखेच्या क्रमाने लावू.

१९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहिल्याची नोंद छापली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखवले. १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो दोष नेमका गाठला. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात, त्यांतले सहावे तेवढे बदललेले. डीएनएच्या भाषेत एक अक्षर. आई आणि वडील दोघांकडून ते आले तर मूल ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. एकाकडूनच आले तर ‘एएस’, म्हणजे वाहक. विदर्भात आज गावच्या आशाताईही ‘एएस पॅटर्न’, ‘एसएस पॅटर्न’ असेच म्हणतात. वाहकाला सहसा त्रास होत नाही, आणि मलेरियापासून त्याचा काही अंशी बचाव होतो. ॲन्थनी ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेतल्या पाहणीवरून हे मांडले. मलेरियाच्या मुलखात हे अक्षर टिकले आणि वाढले, ते यामुळे.

भारतातला पहिला कागद १९५२चा. हर्मन लेहमान आणि मेरी कटबुश यांना निलगिरीच्या आदिवासींत सिकलसेल सापडला. त्याच वर्षी आसामातल्या चहामळ्यांच्या मजुरांतही तो आढळल्याची नोंद झाली. १९५६ मध्ये मुंबईचे सुकुमारन, संघवी आणि व्यास यांनी पश्चिम भारतातल्या काही आदिवासी जमातींबद्दल ‘करंट सायन्स’मध्ये छोटे टिपण लिहिले. यांतले एल. डी. संघवी हे या वाटेला नवे नव्हते. व्ही. आर. खानोलकरांबरोबर त्यांनी १९४९ मध्येच मुंबईतल्या सहा अंतर्विवाही समाजगटांची सात आनुवंशिक लक्षणांवरून तुलना केली होती. मग १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये शुक्ला आणि सोलंकी यांचे मध्य भारतातल्या सिकलसेलविषयीचे दोन पानांचे टिपण आले. ते नागपूरचे. विदर्भाच्या दृष्टीने हा मूळ दस्त म्हणायचा. सिकलसेल हा जंगलातल्या आदिवासींचाच आजार, ही समजूत नागपूरच्या कामामुळे पुढे टिकली नाही. अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांतही तो भरपूर आढळत गेला.

इथवरचे सगळे कागद पिकाबद्दल बोलतात. अक्षर कुठले बदलले, कोणात सापडले, किती टक्के. ते आले कुठून, याचे उत्तर त्यांत निघत नाही, कारण निलगिरीतले, नागपुरातले आणि नायजेरियातले अक्षर तंतोतंत एकच आहे. एकाच्याच घरून ते सगळीकडे गेले, की वेगवेगळ्या ठिकाणी आपापले उगवले? पीक पाहून हे सांगता येत नाही. बांध पाहावा लागतो.

बांध पाहण्याची रीत १९७८ साली सापडली. सॅन फ्रान्सिस्कोत यूएत वाय कान आणि आंद्रे दोझी यांनी डीएनए कापणारे एक एन्झाइम वापरले. हे एन्झाइम ठरावीक अक्षरक्रम दिसला तरच तिथे कापते. बीटा जनुकाच्या पुढे सुमारे ५,००० अक्षरांवर अशी एक जागा होती, आणि तिथे कुठलेच प्रथिन घडत नव्हते. काहींच्या डीएनएत ती जागा शाबूत होती; मग ७.६ हजार अक्षरांचा तुकडा मिळे. काहींच्यात ती मोडलेली होती. मग १३ हजारांचा. त्यांनी तपासलेल्या सिकल जनुकांपैकी ८७ टक्के या लांब तुकड्याबरोबर होती, तर साध्या जनुकांपैकी फक्त ३ टक्के. ज्या खुणेला स्वतःचे काही काम नव्हते, तीच सिकल अक्षराची शेजारीण म्हणून ओळख देऊ लागली.

बीटा जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. त्याच्या आसपास सुमारे ६० हजार अक्षरांच्या पट्ट्यात त्याची भावकी नांदते. गर्भाच्या पहिल्या आठवड्यांतले एप्सिलॉन, नंतर गर्भात चालणारी दोन गॅमा, मग डेल्टा आणि शेवटी बीटा. बीटा साखळीच्या १४६ आम्लांना लागतात ४३८ अक्षरे. या पट्ट्यात एक मेलेले जनुकही आहे. कधीकाळी चालणारे, आता बंद पडलेले. वऱ्हाडातल्या गावात पडकी गढी असते, तिथे कोणी राहत नाही, पण ‘गढीच्या मागे’ म्हटले की जागा कळते, तसे. कान आणि दोझींनंतर अशा बऱ्याच खुणा सापडल्या. गढीत एक, गढीपलीकडे एक, गॅमा जनुकांच्या आतल्या निःशब्द, म्हणजे प्रथिनात न उतरणाऱ्या, तुकड्यांत दोन, बीटाच्या आतल्या तशाच तुकड्यात एक, बीटाच्या पलीकडे एक. प्रत्येक खूण आहे की नाही, एवढेच मांडत गेले की सिकल अक्षराची चतुःसीमा तयार होते. शास्त्रज्ञ तिला ‘हॅप्लोटाइप’ म्हणतात.

१९८४ साली पान्ये आणि सहकाऱ्यांनी आफ्रिकेतली चतुःसीमा छापली. ती एक निघाली नाही, तीन निघाल्या: बेनिन, सेनेगल आणि मध्य आफ्रिका. त्यांनी अनुमान काढले की हे अक्षर आफ्रिकेत एकापेक्षा जास्त वेळा, स्वतंत्रपणे बदलले.

यानंतरचा कागद आपल्या अंगणातला. १९८६, ‘अमेरिकन जर्नल ऑफ ह्यूमन जेनेटिक्स’, पहिले नाव आंद्रेआस कुलोझिक, शेवटचे ऑक्सफर्डचे डेव्हिड वेदरॉल. मधल्या लेखकांत जमैकाचे ग्रॅहम सर्जंट आहेत, ओडिशाचे बी. सी. कार आहेत आणि पुण्याचे एस. काटे आहेत. हे डॉ. सुदाम काटे, महाराष्ट्रातल्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेलच्या तपासणीत त्यांनी आयुष्य घातले आणि २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. निबंधाचा निष्कर्ष असा की भारताच्या पूर्व आणि पश्चिम भागातल्या रुग्णांत आणि सौदी अरेबियाच्या पूर्व प्रांतातल्या रुग्णांत सिकल अक्षराची चतुःसीमा एकच आहे, आणि ती आफ्रिकेतल्या तिन्हींपेक्षा वेगळी आहे. तिला पुढे ‘अरब-इंडियन’ हे नाव पडले. म्हणून आशियात हे अक्षर स्वतंत्रपणे उगवले असावे, असे लेखकांनी मांडले. १९८९ मध्ये दॉमिनिक लाबी आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या आदिवासींतला सिकल एकाच मुळाचा असल्याचे लिहिले. २००४ मध्ये मुंबईच्या मुखर्जी, कोलाह, मोहंती यांच्या गटाने पश्चिम भारतातली चतुःसीमा पुन्हा तपासून प्रसिद्ध केली.

इथे निरीक्षण आणि अनुमान वेगळे ठेवायला हवे. निरीक्षण भक्कम आहे. अनुमानाला मात्र २०१८ मध्ये आव्हान मिळाले. डॅनिएल श्रायनर आणि चार्ल्स रोटिमी यांनी मोजक्या खुणांवर न थांबता १५६ वाहकांचा सबंध डीएनए वाचला. ते वाहक बहुतेक आफ्रिकी वंशाचे होते. त्यांच्या हिशेबाने सिकल अक्षर एकदाच, सुमारे ७,३०० वर्षांपूर्वी, सहारा हिरवा होता त्या काळात आफ्रिकेत बदलले, आणि वेगवेगळ्या चतुःसीमा नंतर तयार झाल्या. आईबापांकडून आलेल्या दोन प्रती पिढीगणिक एकमेकींत तुकडे बदलतात. त्यामुळे दूरचा बांध आधी सरकतो, जवळचा उशिरा. शाबूत राहिलेल्या पट्ट्याची लांबी मोजली की किती पिढ्या उलटल्या याचा अंदाज येतो. २०१९ मध्ये दुसऱ्या एका गटाने याच रीतीने २२,००० वर्षांचा आकडा काढला. दोन आकड्यांत तिपटीचा फरक आहे, म्हणून तारखेवर पैज लावू नये. माझ्या मते भारताबाबतचा निकाल भारतातल्या वाहकांचा डीएनए मोठ्या संख्येने आणि सलग वाचल्यावरच लागेल. तो होईपर्यंत ‘आमचा सिकलसेल आमच्या मातीतला’ किंवा ‘तो आफ्रिकेतून आला’ यांपैकी काहीही ठासून सांगणे कागदाला सोडून बोलणे आहे.

चतुःसीमेने वंश दाखवला. याच पोटखराबात आजाराची तीव्रताही काही अंशी ठरते, आणि रुग्णाच्या दृष्टीने हे जास्त मोलाचे.

१९४८ साली ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जेनेट वॉटसन यांनी लिहिले की सिकलसेलची लक्षणे नवजात बाळात दिसत नाहीत; त्याच्या रक्तात गर्भातले हिमोग्लोबिन असते, ते त्याला राखत असावे. हे गर्भ हिमोग्लोबिन गॅमा जनुकांतून घडते. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमा बंद पडते आणि बीटाचा अंमल सुरू होतो. मग पेशी वाकू लागतात आणि हाडे-सांधे दुखू लागतात. काहींच्यात मात्र गॅमा पूर्ण बंद होत नाही. १९८५ मध्ये गिलमन आणि हुइसमन यांनी त्याच्याशी जोडलेली खूण शोधली. एका गॅमा जनुकाच्या सुरुवातीच्या १५८ अक्षरे आधी ‘सी’च्या जागी ‘टी’. जनुकाबाहेरचे, प्रथिनात न उतरणारे अक्षर. तो ‘टी’ अरब-इंडियन आणि सेनेगल चतुःसीमांत असतो, बेनिन आणि मध्य आफ्रिकेच्या चतुःसीमांत नसतो. मलेरियाने सिकल अक्षराला वाढवले तेव्हा हा शेजारचा ‘टी’ त्याच्या गाडीत बसून आला आणि भारतीय रुग्णांच्या रक्तात गर्भ हिमोग्लोबिनचे प्रमाण जास्त राहिले. ओडिशातल्या रुग्णांचा आजार जमैकातल्या रुग्णांपेक्षा सौम्य का, याची चर्चा १९८०च्या दशकातल्या निबंधांत याच अंगाने झाली.

यावरून ‘भारतीय सिकलसेल सौम्य’ असा शिक्का बसला, आणि तो शिक्का नागपूरला लावणे चूक ठरले. १९९७ मध्ये मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी गुजरातेतल्या वलसाडचे आदिवासी रुग्ण आणि नागपूरचे बिगर-आदिवासी रुग्ण शेजारी ठेवून पाहिले. चतुःसीमा दोघांचीही अरब-इंडियन. तरी वलसाडला त्रास कमी आणि नागपूरला जास्त. फरक निघाला अल्फा थॅलसेमियात, जो वलसाडकडे फार जास्त होता. हिमोग्लोबिनची दुसरी, अल्फा साखळी घडवणारे जनुक गळालेले असले, म्हणजे अल्फा थॅलसेमिया असला, की सिकलचा जोर ओसरतो. हे श्रेय पोटखराबाचे नाही, अख्ख्या जनुकाच्या गळतीचे आहे. नागपुरात जन्मलेल्या बाळांची तपासणी करून त्यांच्या पुढच्या प्रकृतीवर २०१६ मध्ये आलेला निबंधही आजार सरसकट सौम्य नसल्याचे सांगतो. नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये रोज किलोमागे १० मिलिग्रॅम एवढ्या कमी मात्रेत हायड्रॉक्सियुरियाचा लहान मुलांना उपयोग होतो, हे दाखवले. ते औषध गर्भ हिमोग्लोबिन वाढवते. अक्षर तेच, बांध तेच, तरीही दोन जिल्ह्यांतली दोन लेकरे वेगवेगळी दुखतात. माणसांतले वैविध्य म्हणजे काय, हे मला १९९७च्या त्या एका निबंधाने जेवढे कळले तेवढे दुसऱ्या कशाने नाही.

दुधाचा दाखला इथे थोडक्यात देतो, कारण रीत तीच आहे आणि उत्तर कुलोझिकांच्या अनुमानाच्या उलट. मोठेपणीही दूध पचावे म्हणून लॅक्टेज जनुक चालू ठेवणारे अक्षर २००२ साली फिनलंडच्या संशोधनात सापडले. ते जनुकाच्या १३,९१० अक्षरे आधी, शेजारच्या दुसऱ्याच जनुकाच्या निःशब्द तुकड्यात बसलेले आहे. भारतभरच्या नमुन्यांवरच्या २०१२च्या निबंधात दिसले की आपल्याकडचे अक्षर आणि युरोपातले अक्षर एकाच चतुःसीमेचे, म्हणजे एकाच मुळाचे आहे. वायव्येकडून आग्नेयेकडे जाताना त्याचे प्रमाण घटत जाते. आफ्रिकेतल्या गुराख्यांनी मात्र त्याच कामासाठी वेगळी अक्षरे कमावली.

आता पुन्हा गर्भ हिमोग्लोबिनकडे: गॅमा बंद कोण करते, याचा कागद. २००७-०८ मध्ये हजारो माणसांचे डीएनए तपासताना गर्भ हिमोग्लोबिनशी जोडलेली एक जागा दुसऱ्या गुणसूत्रावर मिळाली, बीसीएल-इलेव्हन-ए या जनुकात. २००८ मध्ये विजय शंकरन, स्टुअर्ट ऑर्किन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हेच जनुक गॅमाचे पाणी तोडणारा पाटकरी आहे. त्या पाटकऱ्याला रक्तपेशींपुरते कामावर ठेवणारा हुकूम कुठे लिहिला आहे, हे २०१३ मध्ये डॅनिएल बॉवर आणि सहकाऱ्यांनी शोधले. तो जनुकाच्या मधल्या निःशब्द तुकड्यात निघाला. मग औषधवाल्यांनी त्या हुकमावरच कात्री चालवली. रुग्णाच्या स्वतःच्या मूळपेशी काढायच्या, तेवढे ठिकाण कापायचे, पेशी परत द्यायच्या. पाटकरी गप्प, गॅमा पुन्हा चालू. कॅसजेव्ही नावाच्या या उपचाराला १६ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रिटनने आणि ८ डिसेंबरला अमेरिकेने मंजुरी दिली. इन्ग्रॅम यांनी गाठलेला दोष त्या रुग्णाच्या रक्तात जागचा हलत नाही. दुरुस्ती होते ती पोटखराबात. मंजुरीच्या वेळी अमेरिकेत त्याची जाहीर किंमत २२ लाख डॉलर होती.

म्हणून ‘अडगळ’ हा शब्द मला पटत नाही. पण उलट टोकही पटत नाही. २०१२ मध्ये ‘एन्कोड’ प्रकल्पाने डीएनएच्या ८० टक्के भागात काही ना काही रासायनिक हालचाल दिसते असे जाहीर केले, आणि अडगळ संपली अशा बातम्या छापून आल्या. हालचाल म्हणजे उपयोग नव्हे, हा डॅन ग्राउर आदींचा आक्षेप रास्त होता. पोटखराबात नालाही असतो आणि नुसता खडकही. कुठे काय आहे, हे जागेवर जाऊनच लिहावे लागते.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. १७ राज्यांत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. दुसरबीडच्या, मेहकरच्या, लोणारच्या, जालन्याच्या वाचकांना माझी विनंती आहे. तपासणी आली की हात पुढे करा. ‘सोल्युबिलिटी टेस्ट’ ही रक्ताची प्राथमिक तपासणी पॉझिटिव्ह आली तर तिथे थांबू नका. पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी मागून घ्या, त्यात एएस की एसएस हे कळते, आणि एचपीएलसीत गर्भ हिमोग्लोबिनचा आकडाही मिळतो. दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारांत एक असते. हे लग्नाआधी आणि गरोदरपणाच्या अगदी सुरुवातीला डॉक्टरांशी बोलण्यासारखे आहे. तो अहवाल घरच्या खरेदीखताजवळ ठेवा आणि सोयरिकीच्या बैठकीत दोन्ही घरांचे अहवाल पत्रिकेआधी काढा.